काळा पडलेला स्लॅब आणि पेलाभर पाणी

मे महिन्यात आमच्या आजोळचा स्लॅब पाहिला तर इथे काही जिवंत असेल असं कोणाला वाटणार नाही. भंडाऱ्याकडे नवतप्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी स्लॅबवर अनवाणी पाय टेकवत नाही. सिमेंटवर जागोजागी काळे, खरबरीत डाग पडलेले असतात, जणू तिथे कोणी काही जाळलं होतं. नखाने खरवडलं की काळा भुगा निघतो. संध्याकाळी अशा एका डागावर पेलाभर पाणी ओतावं आणि तिथेच बसावं. पाच-दहा मिनिटांत तो डाग फुगतो, मऊ पडतो, बोटाला बुळबुळीत लागतो. कठड्याच्या सांदीत तपकिरी झुबके वाळून पडलेले असतात, तिथलं दृश्य तर फारच देखणं असतं. आत मुडपलेली इवलीशी पानं डोळ्यांदेखत उलगडतात आणि झुबका हिरवा होतो.

याच स्लॅबवर भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या तयारीच्या गडबडीत, माझी मामी पडली. पावसाची सर आली म्हणून वाळत घातलेले कपडे काढायला धावली आणि पाय सटकला. मनगटाचं हाड मोडलं, दीड महिना हात प्लास्टरमध्ये. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती एकच सांगायची, "पोळ्यालाच तं खराट्यानं घासून काढलं होतं मी."

तिचं म्हणणं खरं होतं. स्लॅब घासलेला होता, स्वच्छही दिसत होता. मग पाय का सटकला, हे समजून घ्यायचं तर आपण सरसकट ज्याला शेवाळ म्हणतो ते नेमकं काय आहे, तिथून सुरुवात करावी लागते.

स्लॅबवरचा काळा थर बहुतेक वेळा सायनोबॅक्टेरियांचा असतो. यांना नील-हरित शैवाल म्हणायची जुनी पद्धत आहे, पण हे खरे जिवाणूच. प्रकाशावर अन्न तयार करणारे हे जीव पृथ्वीवर इतके जुने आहेत, की सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन साठू लागला तो यांच्याच कामामुळे. आपल्याकडच्या भिंतींवर आणि स्लॅबवर सायटोनिमा नावाचा प्रकार खूप आढळतो. त्याच्या धाग्यांभोवती एक आवरण असतं आणि त्यात सायटोनेमिन नावाचं पिवळसर-तपकिरी रंगद्रव्य असतं. उन्हातले अतिनील किरण ते शोषून घेतं. म्हणजे विदर्भाच्या उन्हात जगायला या जिवाने स्वतःची छत्री बनवली आहे, आणि आपल्याला स्लॅब काळा दिसतो तो या छत्रीमुळे.

सांदीतले हिरवे झुबके वेगळे. ते मॉस, म्हणजे खऱ्या वनस्पती. त्यांना मुळं नसतात, पकडून ठेवणारे बारीक तंतू असतात. पानं बहुतेक ठिकाणी एकाच पेशीएवढी जाड, त्यामुळे पाणी जसं येतं तसं थेट आत जातं आणि तसंच निघूनही जातं. वाळलं तरी मॉस मरत नाही, काम थांबवून पडून राहतं. जुन्या कवेलूंवर, म्हणजे कौलांवर, तिसरा पाहुणाही दिसतो, राखाडी-हिरवट पापुद्र्यांचा. ती दगडफुलाची भावंडं. बुरशी आणि शैवाल यांच्या भागीदारीतून ही तयार होतात. सावजी रश्श्याच्या मसाल्यात पडतं ते दगडफूल याच कुळातलं.

आता बुळबुळीतपणाकडे येऊ. सायनोबॅक्टेरिया आपल्याभोवती साखरेच्या लांब साखळ्यांचा चिकट थर सोडतात. सब्जाचं बी भिजवल्यावर त्याभोवती जो गर येतो, तसाच हा प्रकार. हा थर स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो. पाय पडला की दाबाने ते पाणी बाहेर येतं, तळवा आणि सिमेंट यांच्यामध्ये पातळ पडदा तयार होतो, आणि पकड जाते. खराट्याने घासल्यावर वरचा हिरवा साका निघतो, पण सिमेंटच्या बारीक छिद्रांत बसलेले धागे आणि त्यांचा गर तिथेच राहतो. उघड्या डोळ्यांना जागा स्वच्छ दिसते. दोन सरी पडल्या की तो गर पुन्हा फुगतो. मामीच्या पायाखाली हेच होतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की शेवाळ सगळ्यात हिरवंगार दिसतं तेव्हा ते काढायला वर चढू नका. ऐन पावसाळ्यात ते मरतही नाही, निघतही नाही, आणि माणूस मात्र पडतो. पाऊस उघडल्यानंतर, दसऱ्याच्या पुढे, स्लॅब कोरडा ठणठणीत झाला की सकाळच्या वेळी हे काम करावं. थर फारच कडक झाला असेल तर तेवढ्याच भागावर थोडं पाणी शिंपडून मऊ करावा.

आपल्या जुन्या लोकांना हे गणित बरोबर कळलं होतं. कवेलू फेरायचं काम ते पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यात करायचे. कवेलू खाली उतरवायची, जमिनीवर बसून झाडायची, फुटकी बाजूला काढायची आणि परत रचायची. शेवाळ जमिनीवर बसून निघतं, उतारावर उभं राहून घासावं लागत नाही. गावच्या कुंभाराने भाजलेली नळीची कवेलू कमी आचेची, म्हणून सच्छिद्र. ती पाणी पितात आणि मॉस तिथे लवकर बसतं. यंत्रावर दाबून काढलेल्या इंग्रजी कवेलूंवर ते उशिरा येतं. मॉसचा झुबका दोन कवेलूंच्या जोडात बसला, की तो वातीसारखं काम करतो. पाणी उताराच्या उलट दिशेने वर चढतं, आत झिरपतं आणि खालचे फाटे, बल्ल्या कुजतात. वानरांनी सरकवलेली कवेलू असतील तर हे आणखी लवकर होतं. उतरवलेली कवेलू उचलताना मात्र आधी काठीने हलवून बघा. विंचू आणि साप यांना ती गार जागा फार आवडते.

कवेलूच्या किंवा सिमेंट पत्र्याच्या छपरावर पाय ठेवूच नये. सिमेंटचा जुना पत्रा वरून धड दिसतो आणि पाय पडताच तुटतो. शिवाय त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो. कोरडा पत्रा तारेच्या ब्रशने घासला तर त्याचे न दिसणारे तंतू हवेत उडतात, श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात आणि अनेक वर्षांनी कर्करोगासारखे आजार होतात. अशा पत्र्यावर शेवाळ असेल तर ते राहू द्या. छप्पर गळायला लागलं तर पत्रा न फोडता, ओला करून, अख्खा उतरवा आणि नवा टाका.

निसणी, म्हणजे शिडी, लावताना एक सोपं माप लक्षात ठेवा. चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर. वरचं टोक स्लॅबच्या कडेच्या तीन फूट वर यायला हवं आणि ते दोराने बांधलेलं हवं. खाली एक माणूस धरायला. गावातल्या कितीतरी घरांना कठडा नसतो. अशा स्लॅबवर काम करताना कडेकडे पाठ करू नका, कारण घासत घासत माणूस मागे सरकतो आणि कड कुठे आली ते कळत नाही. तोंड कडेकडे ठेवा, कडेच्या तीन फूट आधी थांबा, आणि तेवढी पट्टी लांब बांबूला बांधलेल्या खराट्याने झाडा. चप्पल नको, रबरी तळव्याचे बूट घाला. छपरावरून गेलेली विजेची सर्व्हिस वायर आधी पाहून घ्या. उन्हाने तिचं प्लास्टिक तडकलेलं असतं, आणि ओला बांबूसुद्धा वीज वाहून नेतो. तार हाताच्या अंतरात असेल तर वीज बंद करून घेतल्याशिवाय काम सुरू करू नका.

खरवडायला लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी पुरते. गाड्या धुण्याच्या जोरदार पाण्याच्या मशीनचा मोह होतो. काम झटपट होतं, पण त्या माऱ्याने सिमेंटचा वरचा गुळगुळीत थर उडतो, छिद्रं मोकळी होतात आणि पुढच्या वर्षी शेवाळाला आणखी चांगलं घर मिळतं.

खरवडून झाल्यावर छिद्रांत उरलेल्या धाग्यांचं काय करायचं? इथे लोक हाताला येईल ते ओततात. कोणी जाडं मीठ पसरतो, कोणी संडास धुण्याचं अ‍ॅसिड ओततो, तर कोणी शेतातलं तणनाशक मारतो. मिठातला क्लोराइड पाण्याबरोबर स्लॅबमध्ये उतरून आतली सळई गंजवतो. सळई गंजली की फुगते आणि खालून पोपडे पडतात. अ‍ॅसिड सिमेंटच खातं, ओतल्यावर येणारा फेस हा सिमेंट विरघळल्याचा असतो. आणि तणनाशक घरावर मारण्याची गोष्टच काढू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी, शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. ज्या छपराचं पाणी अंगणात, गोठ्यात, विहिरीत उतरतं तिथे ही औषधं नकोत.

ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लिचिंग पावडर, शेवाळ नक्की मारते. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. लिटरभर पाण्यात ३० ग्रॅम टाकली की साधारण १ टक्क्याचं द्रावण होतं आणि सिमेंटच्या स्लॅबला ते पुरतं. पण थर आधी खरवडलेला हवा. क्लोरीन समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थाशी लढण्यात खर्च होतो. जाड थरावर ओतलं तर वरच्यावरच संपतो आणि खालचे धागे सुखरूप राहतात. उन्हातही तो विरतो, म्हणून ऊन उतरल्यावर लावा, पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि भरपूर पाण्याने धुऊन काढा. डोळ्यांना चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. टिनाच्या पत्र्यावर ही पावडर नको, जस्त खाते. बोडीत किंवा तलावात उतरणाऱ्या पाण्यात तर अजिबात नको, मासे मरतात.

याहून मोठा धोका आपल्या घरातच असतो. ब्लिचिंग आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ब्लिचिंग आणि गोमूत्र, किंवा युरियाचा अंश राहिलेली बकेट किंवा ड्रम, यांतूनही छातीत जळजळ करणारे विषारी वायू तयार होतात. स्लॅबचं पाणी गोठ्याच्या नालीत जात असेल तर हे लक्षात असू द्या. फवारणीचा पंप तर यासाठी वापरूच नका. त्यात आधी काय होतं हे कितीही धुतलं तरी सांगता येत नाही.

माझी स्वतःची पसंती चुन्याला आहे. ताज्या विझवलेल्या चुन्याचं पाणी इतकं अल्कधर्मी असतं, की त्याचा पीएच १२.४ च्या आसपास जातो. हा आकडा किती मोठा, ते कळायला आपल्या बुलढाण्यातलं लोणार सरोवर आठवा. तिथल्या पाण्याचा पीएच १० च्या आसपास आहे, आणि त्या खाऱ्या पाण्यात सायनोबॅक्टेरिया आनंदाने वाढतात, सरोवर त्यांच्यामुळेच हिरवं दिसतं. पीएचचं मोजमाप दहाच्या पटीत चढतं, म्हणून १० पासून १२.४ म्हणजे सुमारे अडीचशे पट जास्त अल्कधर्मी. तिथे त्यांच्या पेशी टिकत नाहीत. पुढे चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडू होतो आणि पीएच ८ च्या जवळ उतरतो. शेवाळ मग परत येऊ शकतं, म्हणून हात दरवर्षी द्यावा लागतो. दिवाळीच्या आधी घासून चुना मारला, की पांढरा स्लॅब पुढच्या उन्हाळ्यात ऊनही परत फेकतो आणि खालची खोली थोडी तरी गार राहते. फक्त चुना विझवताना उकळी फुटते आणि थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. लहान मुलांना लांब ठेवा.

तरीही काही जागा पुन्हा पुन्हा काळ्या होतातच, आणि त्या पाहायला मला आवडतात, कारण घर कुठे ओलं राहतं याचा नकाशाच शेवाळ काढून देतं. पावसाळ्यानंतर सूर्य दक्षिणेकडे झुकतो, त्यामुळे छपराची उत्तरेची बाजू उशिरा वाळते. चिंचेच्या किंवा आंब्याच्या फांदीखालची जागा तशीच. जस्ताच्या पत्र्यावरून पाणी गळतं त्या रेषेत मात्र बहुतेक वेळा शेवाळ नसतं, कारण पत्र्यातून सुटणारं थोडंसं जस्त त्याला सोसत नाही. संत्र्याच्या बागेत मोरचुदाचं बोर्डो मिश्रण वापरतात, त्यातलं तांबंही असंच काम करतं, पण ते मासे आणि माती दोन्हींना वाईट.

आजोळच्या स्लॅबवर असा नकाशा नीट पाहिला तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. सगळ्यात जाड काळा पट्टा पावसाच्या पाण्याच्या वाटेवर नव्हता. तो कुलरपासून निघून पन्हाळापर्यंत गेला होता. मार्चपासून जूनपर्यंत कुलरच्या ताट्यांतून पाणी ठिबकायचं, म्हणजे बाकी स्लॅब वाळलेला असताना ही एक वाट उन्हाळाभर ओली. मामी पडली ती याच पट्ट्यावर. मामाने कुलरखाली टिनाचा ट्रे ठेवला आणि त्याला पाइप जोडून खाली सोडला. पन्हाळाजवळ पाणी साचायचं तिथे सिमेंटचा उतार करून घेतला, दर दहा फुटांना इंचभर. ठिबकणारं पाणी आता पपईच्या आळ्यात जातं, आणि त्या पट्ट्यावर मामी मार्च-एप्रिलमध्ये सरगुंडे वाळत घालते.