बापाची रजा बापालाच राखीव ठेवली की काय होतं

मूल झालं की पगारी रजा आईबापांनी आपसात वाटून घ्या असं सरकार म्हणतं तेव्हा ती जवळपास सगळी आईच घेते. स्वीडनने १९७४ ला, जगात पहिल्यांदा, फक्त आईची रजा काढून दोघांची केली, तरी कितीतरी वर्षं बहुतेक दिवस बायकांच्याच नावावर. मग १९९५ ला दोघांनाही एकेक महिना राखीव केला, बापाने घेतला नाही तर तो गेलाच, बायकोला देता येत नाही.

पण खरी भारी गोष्ट नॉर्वेची आहे. तिथे १ एप्रिल १९९३ पासून जन्मलेल्या बाळांच्या बापांना चार आठवडे राखीव मिळाले, म्हणजे ३१ मार्चचं बाळ आणि २ एप्रिलचं बाळ, घरं तशीच, नोकऱ्या तशाच, फरक फक्त तारखेचा, संशोधकांना प्रयोग आयताच मिळाला. आधी रजा घेणारे बाप जेमतेम ३ टक्के, ते एकदम ३५ टक्क्यांच्या आसपास गेले आणि २००६ पर्यंत ७० च्या घरात. शिवाय ज्याच्या भावाने किंवा ऑफिसातल्या सहकाऱ्याने रजा घेतली तोपण जास्त घ्यायला लागला, आणि साहेबाने घेतली असेल तर परिणाम अजूनच मोठा! रजा मागितली तर प्रमोशन अडकेल ही भीती माणसाला असतेच, दुसऱ्याचं काही बिघडलं नाही हे डोळ्यांनी दिसलं की ती कमी होते.

पैशाचंही बघायला लागतं. जर्मनीत आधी महिन्याला साधारण ३०० युरो मिळायचे, तेही उत्पन्न जास्त असेल तर नाही, मग जास्त पगारवाला घरी कशाला बसेल? २००७ ला ते निव्वळ पगाराच्या ६७ टक्के, कमाल १८०० युरो झाले, आणि दुसऱ्या पालकाने निदान दोन महिने घेतले तरच १२ चे १४ महिने होतात. बापांचं प्रमाण लगेच वाढलं.

जपानमध्ये कागदावर बापाला वर्षभर रजा, तरी २०१२ मध्ये घेणारे २ टक्क्यांच्या आत, कारण मागायचीच चोरी. २०२२ पासून कंपनीने स्वतःहून विचारायचं असा नियम झाला, २०२३ मध्ये आकडा ३० टक्क्यांवर.

आपल्याकडे २०१७ ला आईची रजा १२ वरून २६ आठवडे झाली, चांगलंच झालं, पण ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नसेल तर पूर्ण पगार कंपनीने द्यायचा, नॉर्वे-स्वीडनसारखा सरकारी विम्यातून नाही, आणि खाजगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एक दिवसही नाही. मग तरुण मुलीला नोकरीवर घेताना मालक जो हिशोब करतो तो तिच्या नवऱ्याच्या बाबतीत कोणी करतच नाही.