पिक्सेलच्या रंगमूल्यांची टेक्स्ट फाइल

डिजिटल फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलचा रंग आकड्यांत वाचून साध्या टेक्स्ट फाइलीत ओळीओळीने उतरवण्याची पद्धत. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत हे काम बहुधा पिलो (चित्रे उघडणारी) आणि नमपाय (आकड्यांची कोष्टके हाताळणारी) या लायब्रऱ्यांवर, म्हणजे तयार कोडच्या संचांवर, चालते. नेहमीच्या आरजीबी फोटोत लाल, हिरवा आणि निळा यांना प्रत्येकी ० ते २५५ पर्यंतचे मूल्य असते. म्हणजे एकूण १,६७,७७,२१६ रंग.

खानदेशात याला हाताशी असलेले उदाहरण म्हणजे कपाशीवरचा लाल्या. मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडले, रात्री गारठा वाढला, की पानातले हरितद्रव्य घटते आणि लाली चढते. जळगाव-धुळ्याकडच्या शेतकऱ्याला ती बांधावरूनच दिसते. पण कोणत्या पानावर जास्त, हे सांगायचे तर आकडे लागतात. हिरव्या भागातली ओळ ‘७४,१२१,४८’ अशी, लालसर भागातली ‘१३८,५२,४१’ अशी असू शकते. पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा असलेल्या ओळी मोजल्या की ढोबळ अंदाज येतो. मात्र मागची माती आणि वाळका पाचोळा यांतही लालच वरचढ असतो. त्यामुळे फोटोतले पान आधी वेगळे कापून घेतले नाही, तर आकडे मातीचाच लाल्या दाखवतील.

फोटो पिलोने उघडून आधी आरजीबीत बदलतात. ही पायरी गाळू नये: पीएनजीत पारदर्शकतेचा चौथा आकडा असू शकतो, आणि पॅलेटवाल्या, म्हणजे ठरावीक रंगांची यादी वापरणाऱ्या, चित्रात रंगाऐवजी नुसता पॅलेटमधला क्रमांक हाती येतो. पुढे त्याचा नमपाय ॲरे, म्हणजे आकड्यांची मांडणी, होतो. टेक्स्ट फाइल लिहिणारे नमपायचे ‘सेव्हटेक्स्ट’ त्रिमितीय (उंची, रुंदी, रंग) ॲरे घेत नाही, म्हणून तीन स्तंभांत त्याची फेरमांडणी करावी लागते. पूर्णांकाचा फॉरमॅटही सांगावा, नाहीतर १३८ च्या जागी दशांशचिन्ह आणि घातांकासह लांबलचक आकडा छापला जातो. एकेक पिक्सेल पिलोच्या ‘गेटपिक्सेल’ने वाचणारा लूप शिकायला बरा, मोठ्या फोटोला फार संथ.

खरी गोम क्रमात आहे. पिलो आधी आडवे स्थान विचारते, मग उभे. नमपायमध्ये आधी ओळ, मग स्तंभ. ओपनसीव्ही या दुसऱ्या लायब्ररीने फोटो वाचला तर निळा पहिला येतो आणि लाल शेवटी. शिवाय फेरमांडणीनंतर चित्राचा आकार फाइलीत उरत नाही: १ कोटी २० लाख ओळी ४००० × ३००० च्या आडव्या फोटोच्या की ३००० × ४००० च्या उभ्या, हे ओळींवरून कळणार नाही. म्हणून रुंदी आणि उंची पहिल्याच ओळीत लिहून ठेवावी.

एवढ्या ओळींची फाइल १०० एमबीच्या आसपास जाते. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात, तेव्हा पानाचा छोटा तुकडाच उतरवणे शहाणपणाचे.

जेपीईजीत साठवतानाच रंग थोडे बदलतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो आणखी दाबला जातो. शेतातून फोटो मागवायचाच असेल, तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे.