राजपद

राजपद : एका व्यक्तीच्या ठायी सामान्यतः आमरण व बहुधा वंशपरंपरेने वसणारे सर्वोच्च सत्तास्थान, आणि त्यासोबत येणारी कर्तव्ये, निर्बंध व जोखीम यांचा समुच्चय. राजाचे अधिकार सर्वपरिचित आहेत. त्याच्यावरील बंधनांकडे मात्र आधुनिक लेखनात तुलनेने कमी लक्ष गेले. प्राचीन धर्मशास्त्रकारांना आणि विधिकारांना हीच बाजू महत्त्वाची वाटत होती.

‘राजन्’ या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. प्राचीन निरुक्तकार (शब्दव्युत्पत्तिकार) यास्काने तो ‘राज्’ (शोभणे, प्रकाशणे) या धातूपासून साधला. महाभारताच्या शांतिपर्वातील पृथूच्या कथेत ‘प्रजेचे रंजन करतो तो राजा’ अशी उपपत्ती येते आणि कालिदासानेही ‘राजा प्रकृतिरञ्जनात्’ म्हणून तिचाच आधार घेतला. भाषाशास्त्राच्या कसोटीवर ही दुसरी उपपत्ती टिकत नाही. लॅटिन ‘रेक्स’ व केल्टिक ‘रिक्स’ यांच्याशी राजन् शब्दाचे नाते बहुतेक अभ्यासक मान्य करतात आणि मूळ अर्थ ‘सरळ नेणे, दिशा देणे’ असा लावतात. तरीही रंजनाची व्युत्पत्ती टाकाऊ नव्हे. शब्द कोठून आला हे तिच्यातून कळत नसले, तरी राजाकडून कोणती अपेक्षा होती हे कळते. ग्रीकमध्ये मात्र राजवाचक शब्द खालच्या पदावरून वर चढलेला दिसतो. रेखालिपी ‘ब’ (लिनिअर बी) या प्राचीन ग्रीक लिपीचा उलगडा 1952 मध्ये झाल्यावर असे आढळले, की मायसिनीकालीन (कांस्ययुगीन ग्रीक) राजाला ‘वानाक्स’ म्हणत आणि ‘बासिलेउस’ हा दुय्यम दर्जाचा स्थानिक अधिकारी होता. इ. स. पू. 1200 च्या सुमारास राजवाडे उद्ध्वस्त झाले, वानाक्स नाहीसा झाला आणि उरलेल्या मुखियाचे ‘बासिलेउस’ हे नाव पुढे राजाला चिकटले.

राजपदाच्या उगमाविषयी दोन प्रमुख मते आहेत. एका मताने राजा हा मूळचा युद्धनेता. ऐतरेय ब्राह्मणात, आपल्याला राजा नाही म्हणून असुर आपल्याला जिंकतात, असे देवांच्या ध्यानात येते व ते सोमाला राजा करतात. मेसोपोटेमियात (प्राचीन इराकच्या प्रदेशात) आरंभी सभा संकटकाळापुरता नेता निवडत असे, असे प्राच्यविद्यावंत याकोबसेन यांनी 1943 मध्ये मांडले. मात्र त्यांचा पुरावा बव्हंशी उत्तरकालीन कथाकाव्यांचा आहे. दुसरे मत मानवशास्त्रज्ञ हॉकार्ट यांचे (1927) : राजा हा आधी विधीतील प्रमुख पात्र, राज्यकारभार त्याच्याकडे नंतर आला. पहिले मत सोपे आहे, पण राजावरील विचित्र वाटणाऱ्या निर्बंधांचा उलगडा दुसऱ्याने अधिक चांगला होतो.

करार म्हणून राजपदाची कल्पना भारतीय ग्रंथांत स्पष्ट आहे. बौद्ध परंपरेतील महासंमताला (लोकांनी निवडलेल्या पहिल्या राजाला) लोक राखणदारीबद्दल धान्याचा वाटा देतात. शांतिपर्वात मनू राजा होण्यास प्रथम नकार देतो. कारण पापाची भीती. प्रजा त्याला पशू व सोने यांचा पन्नासावा, धान्याचा दहावा आणि पुण्याचा चौथा भाग देऊ करते, आणि पाप करणाऱ्यालाच लागेल अशी हमी देते, तेव्हा कोठे तो तयार होतो. मनुस्मृतीने ही हमी काढून घेतली आहे : रक्षण करणाऱ्या राजाला प्रजेच्या धर्माचा सहावा भाग मिळतो, न करणाऱ्याला अधर्माचा सहावा भाग. धर्मसूत्रकार बौधायनाच्या मते षड्भाग (उत्पन्नाचा सहावा भाग) हे रक्षणाचे वेतनच होय. गौतमाच्या धर्मसूत्रात हे तत्त्व थेट पैशावर येते. चोरीचा माल परत मिळवून राजाने मालकाला द्यावा, न मिळाल्यास स्वतःच्या कोशातून भरपाई करावी. राजाला प्रजेचा दास म्हणणारे शुक्रनीतीतील वचन या संदर्भात वारंवार उद्धृत होते, परंतु तो ग्रंथ बराच अलीकडचा असण्याची शक्यता असल्याने प्राचीन पुरावा म्हणून त्यावर विसंबणे सुरक्षित नाही.

कौटिलीय अर्थशास्त्र (काळ अनिश्चित, इ. स. पू. चौथ्या शतकापासून इ. स. च्या तिसऱ्या शतकापर्यंत मते आहेत) राजाचा दिवस आणि रात्र प्रत्येकी आठ भागांत वाटते. झोपेसाठी रात्रीचे केवळ दोन भाग, म्हणजे सुमारे तीन तास. हे वेळापत्रक कोणी पाळले असेल असे वाटत नाही. अशोकाचा सहावा शिलालेख त्याच्याही पुढे जातो : मी जेवत असो की अंतःपुरात असो, लोकांचे काम मला केव्हाही कळवावे, कारण प्राणिमात्रांच्या ऋणातून मला मुक्त व्हायचे आहे.

विधींमध्ये राजाचा अवमानही होतो. राजसूय या राज्याभिषेकाच्या यज्ञात अध्वर्यू (यज्ञकर्म करणारा पुरोहित) व त्याचे सहकारी राजाच्या पाठीवर हळूच काठ्या मारतात; त्यामुळे तो अदंड्य (शिक्षेच्या पलीकडचा) होतो, असे शतपथ ब्राह्मण सांगते. बाबिलोनच्या नववर्षोत्सवात पुजारी राजाची राजचिन्हे काढून घेई व त्याच्या थोबाडीत मारी. डोळ्यांत पाणी आले तर शुभशकुन. अ‍ॅसिरियात अशुभ ग्रहण असता तोतया राजा सिंहासनावर बसवून नंतर त्याला ठार करत. तोवर खरा राजा ‘शेतकरी’ म्हणून संबोधला जाई. इ. स. पू. सातव्या शतकातील अ‍ॅसिरियाचा राजा एसरहॅडन याच्या दरबारी पत्रांत याचे पुरावे आहेत, त्यामुळे ही केवळ दंतकथा मानता येत नाही. दक्षिण सुदानमधील शिल्लूक लोकांविषयी असे म्हणवत नाही. शक्ती क्षीण झालेल्या राजाला विधिपूर्वक मारतात, या वृत्तांतावर मानवशास्त्रज्ञ फ्रेझर यांनी मोठा सिद्धांत उभारला. मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी 1948 मध्ये या वधांना पुरावा नसल्याचे दाखवून, बंडात मारल्या गेलेल्या राजांची ही विधिवत भाषा असावी असे सुचविले. हे मत आज अधिक ग्राह्य धरले जाते.

राजघराण्यातील इतरांविषयी साधने त्रोटक आहेत. वारसा निश्चित नसे तेथे भार भावंडांवर पडे : उस्मानी सुलतान तिसरा मेहमेद याने 1595 मध्ये गादीवर येताच 19 भावांना मारविले. पुढे वध मागे पडून राजपुत्रांना महालातच कोंडून ठेवण्याची रीत आली.

इंग्लंडमधील सोळाव्या शतकातील न्यायविदांनी राजाला दोन देह मानले, एक मर्त्य व एक पदाचा अमर. 1642 मध्ये संसदेने राजाच्याच नावाने राजाविरुद्ध सैन्य उभारले, तेव्हा हा भेद उपयोगी पडला. पद सोडण्याची वाट मात्र सहसा अरुंदच राहिली. जपानच्या राजघराण्याविषयीच्या कायद्यात पदत्यागाची तरतूद नसल्याने सम्राट अकिहितो यांच्यासाठी 2017 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला आणि 30 एप्रिल 2019 रोजी, वयाच्या 85 व्या वर्षी, ते निवृत्त झाले.