एकटी आलेली मुले विश्वास का ठेवत नाहीत

२०१५ या एका वर्षात आई-वडील सोबत नसलेल्या ३५ हजारांहून अधिक मुलांनी स्वीडनमध्ये आश्रयासाठी अर्ज केले. त्यांतली निम्म्याहून जास्त मुले अफगाण होती. अशा मुलांबरोबर काम करणाऱ्यांना एक गोष्ट वारंवार जाणवते: मुलगा अदबीने वागतो, विचारल्यास उत्तर देतो, पण घरच्यांविषयी चकार शब्द काढत नाही. ‘मानसिक आघाताचा परिणाम’ एवढे कारण मला यासाठी अपुरे वाटते.

हा अविश्वास बऱ्याचदा शिकून आलेला असतो. शेजाऱ्याने दिलेल्या खबरीवरून जिथे माणसे उचलली जातात, तिथे घरचेच मुलांना तोंड बंद ठेवायला शिकवतात. पुढे इराण, तुर्कस्तान आणि बाल्कन देशांतून जाताना पैसे घेऊन अर्ध्या वाटेत सोडून देणारे दलाल भेटतात. सीमेवर कोणते नाव आणि किती वय सांगायचे, हेही अनेकदा तेच पढवतात. जडणघडण अजून पूर्ण न झालेला किशोरवयीन मेंदू अशा काळात धोक्याची चाहूल चटकन घ्यायला सरावतो आणि सुरक्षित देशात पोहोचल्यावरही ती सवय लगेच सुटत नाही. मुलाखतीतला दुभाषा आपल्याच भाषेचा, कदाचित आपल्याच जिल्ह्यातला निघतो; त्याने गावाकडे कोणाला काही सांगितले तर, ही भीती मुलाच्या दृष्टीने अगदी रास्त असते.

त्यात भर पडते ती समोरच्यांच्या अविश्वासाची. स्वीडनने २०१७ मध्ये वय ठरवण्यासाठी अक्कलदाढांचा एक्स-रे आणि गुडघ्याचा एमआरआय ही पद्धत आणली. हाडांची वाढ पूर्ण होण्याचे वय प्रत्येकाचे वेगळे असल्याने तिच्या अचूकतेवर तज्ज्ञांमध्ये बराच वाद झाला. मुलाला मात्र एवढेच समजते, की आपण सांगितलेले वय कोणी खरे धरलेले नाही.

कथनातल्या विसंगतीही संशय वाढवतात. ब्रिटनमध्ये कोसोव्हो आणि बोस्नियातून आलेल्या ३९ प्रौढ निर्वासितांच्या दोनदा मुलाखती घेऊन केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. संयुक्त राष्ट्रांच्या योजनेतून आलेल्या या लोकांना खोटे बोलून काही मिळवायचे नव्हते, तरीही प्रत्येकाच्या दोन कथनांत तफावत आढळली आणि ती मुख्य घटनेपेक्षा भोवतालच्या तपशिलांत अधिक होती. आघाताची स्मृती अशीच असते. मुलांकडून याहून अधिक काटेकोरपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

ब्रिटनमधील अभ्यासक रवी कोहली यांनी या मुलांच्या मौनाकडे केवळ अडथळा म्हणून न पाहता स्वतःला सावरण्याचा मार्ग म्हणूनही पाहिले. हे मौन प्रश्नांनी क्वचितच सुटते. दंतवैद्याकडे सोबत जाणे, वकिलाची वेळ ठरवून देणे, सांगितलेल्या दिवशी खरोखर येणे, आणि हे सगळे करणारी व्यक्ती न बदलणे, यांतून विश्वास बसत जातो. त्याला महिनोन्‌महिने लागतात, तर आश्रयाच्या अर्जासाठी सगळी हकीकत आरंभीच द्यावी लागते आणि उशिरा सांगितलेली गोष्ट पुष्कळदा रचलेली मानली जाते.