टीडीची सुई झाली म्हणजे एचपीव्हीची झाली असं नाही

उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या आईजवळ एचपीव्हीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणाऱ्या लसीचा विषय काढला की बहुतेक वेळा पहिलं उत्तर हेच येतं: "माह्या पोरीले शाळेत देल्ली न बाई सुई." आई खरंच सांगत असते. मुलीला शाळेत सुई मिळालेली असते, पण ती टीडीची. दोन्ही लसी दंडातच देतात, दोन्हींचा डोस अर्धा मिली, वय जवळपास तेच, आणि टोचणारी सिस्टरही तीच. मग घरच्यांना फरक कळावा कसा? यवतमाळकडच्या कोलाम पोडावर, बंजारा तांड्यावर, पारध्यांच्या बेड्यावर, मेळघाटातल्या कोरकू पाड्यावर किंवा तालुक्याच्या गावातल्या मुस्लिम मोहल्ल्यात हा घोटाळा जास्त महागात पडतो. तिथे आरोग्य कर्मचाऱ्याची फेरी आधीच कमी असते, आणि "झाली" असं एकदा नोंदलं गेलं की पुन्हा कोणी विचारायला येत नाही.

टीडी म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प या दोन रोगांची लस. जुनी टीटी बंद होऊन तिच्या जागी ही आली, पण बोलण्यात अजून सगळे "टीटी"च म्हणतात. ती दहाव्या आणि सोळाव्या वर्षी, म्हणजे साधारण पाचवीत आणि दहावीत, मुलगा-मुलगी दोघांनाही देतात. गरोदर बाईलाही हीच लस देतात. हे दोन्ही रोग जिवाणूंच्या विषामुळे होतात. टीडीत तेच विष निष्प्रभ करून घातलेलं असतं, म्हणून शरीर ते ओळखायला शिकतं. ही ओळख वर्षांमागून फिकी पडते, त्यामुळे टीडी पुन्हा पुन्हा घ्यावी लागते.

एचपीव्हीची लस विषाणूविरुद्ध आहे. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे शंभरावर प्रकार आहेत. त्यातले १६ आणि १८ हे दोन प्रकार गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारण ठरतात. लसीत जिवंत किंवा मेलेला विषाणू नसतो. विषाणूच्या बाहेरच्या कवचातलं एकच प्रथिन यीस्टमध्ये तयार करतात, आणि त्याचे कण आपोआप जुळून रिकाम्या कवचासारखे होतात. आत जनुकीय द्रव्य काहीच नसतं, त्यामुळे या लसीने संसर्ग होणं शक्यच नाही. मोहल्ल्यातल्या बाया विचारतात, यात डुकराचं काही आहे का? एचपीव्हीच्या गार्डासिल या लसीत जिलेटिन नाही. तिच्यात यीस्टचं प्रथिन, ॲल्युमिनियमचा क्षार, मीठ आणि असे थोडेच घटक असतात. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. उत्तर नीट मिळालं तर तीच बाई शेजारणीला घेऊन येते.

दोन्ही लसींचा खरा फरक काळाचा आहे. टीडी पायात खिळा घुसला त्या आठवड्यात उपयोगी पडते, आणि ते लोकांना दिसतं. एचपीव्हीची लस पंधरा-वीस वर्षांनी होऊ शकणारा कर्करोग आज थांबवते, आणि ते कोणालाच दिसत नाही. भारतात २०२२ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आणि जवळपास ८० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि एकदा शिरल्यावर लस त्याला बाहेर काढत नाही. म्हणून ती त्याआधी द्यायची. शिवाय नऊ ते चौदा या वयात शरीराचा प्रतिसाद सगळ्यात चांगला असतो. आईला एवढंच सांगितलं तरी पुरतं: "लग्नाच्या खूप आधी घेतली तर पूर्ण कामाची." मुलीच्या चारित्र्याशी याचा काही संबंध नाही, हे मात्र न विचारता आपणहून सांगा.

कोणती सुई झाली हे शोधायचं कसं? कार्ड असेल तर सोपं आहे. पण माता-बाल कार्ड तेराव्या वर्षापर्यंत क्वचितच टिकतं, आणि शाळेतली टीडी त्यावर चढलेली नसते. अशा वेळी मुलीला विचारा: "तुमच्या वर्गातल्या मुलांनाही टोचली होती का?" मुलांनाही टोचली असेल तर ती टीडीच धरा, कारण आपल्याकडच्या सरकारी सत्रांत एचपीव्ही मुलींनाच देतात. पाचवीत किंवा दहावीत टोचली असं म्हणाली, तरी टीडीकडेच बोट जातं. थोड्या मोठ्या मुली २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेतली किंवा कोविडची सुईही यात धरतात. एचपीव्हीचा लेखी पुरावा नसेल तर ती झालेली नाही असंच समजावं. चुकून एखादा डोस जास्त गेला तर अपाय होत नाही, पण राहून गेला तर मुलगी संरक्षणाविना राहते. टीडी राहिली असेल तर दोन्ही एकाच दिवशी, वेगळ्या सिरिंजने, वेगळ्या दंडात देता येतात.

आता एक गोष्ट जरा ठासून सांगायला हवी. वस्तीवर विरोध होऊ नये म्हणून काही जण "टीटीसारखीच आहे" असं सांगून मोकळे होतात. त्या दिवशी काम सोपं होतं, पण पुढचं सगळं बिघडतं. महिन्याभराने कोणी मोबाइलवर "मूल होऊ नये म्हणून सुई देतात" असा व्हिडिओ दाखवतो, तेव्हा आईला कळतं की आपल्याला दुसरंच काही सांगितलं होतं. मग एचपीव्ही तर जातेच, त्या वस्तीतली टीडीही अडते.

हा इतिहास आपल्याकडे एकदा घडून गेला आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातच्या बडोदा जिल्ह्यात मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. आदिवासी वसतिगृहांतल्या कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वॉर्डनच्या सह्या होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत त्यांचा लसीशी संबंध आढळला नाही, पण २०१० मध्ये प्रकल्प थांबला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने संमतीच्या पद्धतीवर कडक ताशेरे ओढले. गडचिरोली, चंद्रपूर किंवा धारणीच्या आश्रमशाळेत सत्र घ्यायचं असेल तर हे डोळ्यांसमोर ठेवा. अधीक्षकाची सही पुरत नाही. मुली सुट्टीत घरी जातात तेव्हा संमतीपत्र सोबत द्या, किंवा पालक भेटीला येतात तो दिवस धरा. वाचता न येणाऱ्या आईला मजकूर तिच्या भाषेत ऐकवा, मग साक्षीदारासमोर अंगठा घ्या. गोंडी, कोलामी, कोरकू, गोरमाटी, उर्दू या भाषांत बोलणारी वस्तीतलीच एखादी बाई बरोबर असली, की निम्मे प्रश्न तिथल्या तिथे सुटतात. आणि नाही म्हणणाऱ्या घराचं रेशन बंद होईल, दाखला अडेल असली धमकी कधीच देऊ नये.

मूल न होण्याच्या भीतीला उत्तर द्यायचं ते उदाहरणाने. या लसीत संप्रेरक नाहीत. ऑस्ट्रेलियात २००७ पासून शाळेत ही लस देतात, आणि तिथल्या त्या मुली आज आया झाल्या आहेत. आपल्या देशात सिक्कीमने २०१८ मध्ये नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना दिली. गरोदरपणात टीडी देतात, एचपीव्ही देत नाहीत, हा फरक मात्र खरा आहे. त्याचं कारण खबरदारी हे आहे.

सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा प्रश्न विदर्भात हमखास येतो. सिकलसेल असणं हे यातली कुठलीही लस नाकारायचं कारण नाही. वेदना उसळलेल्या असतील किंवा ताप असेल तर तेवढे दिवस थांबा, आणि लस दिल्यावर पाणी भरपूर पाजा. साध्या सर्दी-खोकल्यासाठी कोणालाच परत पाठवू नये. यीस्टची किंवा आधीच्या डोसची तीव्र ॲलर्जी असेल तर एचपीव्ही देऊ नये.

साठवणीत दोन्ही लसी सारख्याच: २ ते ८ अंश, आणि गोठता कामा नयेत. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात भीती वाटते ती लस तापण्याची, म्हणून फ्रीजरमधून काढलेले कडक आइसपॅक थेट कॅरिअरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या डब्यात भरले जातात. तिथेच चूक होते. कडक पॅकला व्हायल (लसीची बाटली) टेकली की लस गोठते, आणि मग ती टोचली तरी काम करत नाही. पॅक बाहेर ठेवा, कानाजवळ हलवून आत पाणी खळखळलेलं ऐकू आलं की मगच भरा. व्हायलवरचा व्हीव्हीएम, म्हणजे रंग बदलणारी खूण, फक्त उष्णता दाखवतो, गोठणं दाखवत नाही. शंका आली तर व्हायल बाजूला काढून प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. इथे एक फरकही आहे. टीडीची व्हायल दहा डोसची असते आणि नियम पाळले तर उघडल्यावर २८ दिवस चालते. तो हिशोब एचपीव्हीला लावू नका, तिच्या लेबलवर लिहिलंय तेच पाळा.

एचपीव्हीच्या सत्रात मुली चक्कर येऊन पडतात. हे लसीमुळे कमी आणि भीती, उपाशीपोट व उकाडा यांमुळे जास्त होतं. रांगेतल्या सगळ्यांना सुई दिसत असेल तर एक पडली की मागच्या चौघी पडतात. आडोसा करा, एकेकीला आत घ्या, खाऊन आल्याची खात्री करा, बसवून टोचा आणि अर्धा तास तिथेच थांबवा. रोजे सुरू असतील तर सत्र ईदनंतर ठेवणं सोपं. दंड दुखणं, थोडी सूज, बारीक ताप हे दोन्ही लसींनी होतं. टोचलेली जागा चोळायची नाही.

डोसचा हिशोब असा. लसीच्या माहितीपत्रकाप्रमाणे नऊ ते चौदा वर्षांत दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने. पंधरापासून पुढे तीन: आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये नऊ ते वीस वयोगटासाठी एक डोसही चालेल असं सांगितलं. त्यामागच्या अभ्यासांपैकी एक भारतातलाच होता आणि त्यात सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या मुलीही होत्या. म्हणून सरकारी सत्रात एकच डोस मिळाला तर तो अर्धवट समजू नका. एचआयव्ही किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलीला मात्र किमान दोन आणि शक्यतो तीन डोस हवेत.

लस झाली तरी तिशीनंतर गर्भाशयमुखाची तपासणी करायचीच, कारण सगळे प्रकार लसीत येत नाहीत. मुलीसोबत आलेली आई तिशीपुढची असेल तर तिला केंद्रातल्या तपासणीचा वार त्याच वेळी सांगा.

दोन डोस ठरले असतील तर तारीख कापसाकडे बघून काढा. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात. जुलैचा पहिला डोस धरला की दुसरा जानेवारीत येतो. तेव्हा वेचणी सुरू असते, काही घरं वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला गेलेली असतात. सकाळी दहाला सत्र ठेवलं तर वस्ती रिकामी मिळेल, संध्याकाळी किंवा आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा. डोसला उशीर झाला तरी चालतो, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. पण बाहेरगावी कोणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं. कार्डावर नुसतं "लस दिली" असं न लिहिता "एचपीव्ही" असं पूर्ण लिहा, शेजारी बॅच नंबर आणि तारीख टाका, आणि त्याचा फोटो घरातल्या मोबाइलमध्ये काढून द्या. अक्षरं वाचता येतात का, ते आईसमोरच फोटो मोठा करून बघा.