एक किलो मासा नेमका कितीला पडतो?

नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याच्या पुढे, धानाच्या बांध्यांना लागून माझ्या एका मित्राचं घर आहे. घरामागे ताडपत्रीच्या सात गोल टाक्या, त्यांत तो मासे वाढवतो. गेल्या जूनच्या सुरुवातीला रात्री वादळ आलं आणि दीडच्या सुमारास लाईन गेली. जनरेटर होता, पण तो दोरी ओढून सुरू करावा लागायचा, आणि मित्र लग्नाच्या पंगतीतून येऊन गाढ झोपलेला. तीनला त्याला जाग आली ती टाक्यांत हवा सोडणाऱ्या पंपाचा आवाज येत नाही म्हणून. टॉर्च मारून पाहिलं तर टाक्यांवर पांढऱ्या पोटांचा थर. ‘लाईन गेली अन् मी झोपलो होतो. बस, एवढंच झालं,’ असं तो अजूनही सांगतो.

नंतर त्याने मला हिशोबाची वही दाखवली. बीज (म्हणजे माशांची पिल्लं), खाद्य, विजेचं बिल, विक्री, सगळं नीट तारीखवार. पण त्या रात्रीचं नुकसान कुठे लिहायचं, याला वहीत रकानाच नव्हता.

टाक्यांत दाटीने मासे वाढवायच्या या पद्धतीला बायोफ्लॉक म्हणतात. माशाच्या खाद्यात २८-३० टक्के प्रथिनं असतात आणि प्रथिनांत नायट्रोजन. मासा त्यातला चौथ्या हिश्श्यापासून फार तर तिसऱ्या हिश्श्यापर्यंत नायट्रोजन अंगी लावतो, बाकीचा अमोनिया होऊन पाण्यात उतरतो. हा अमोनिया दोन रूपांत राहतो, त्यातलं एक विषारी. तापमान ३० अंश आणि सामू (पीएच) ८ असेल तर एकूण अमोनियाचा सात-आठ टक्के भाग विषारी रूपात असतो. सामू ९ वर गेला की तोच ४० टक्क्यांच्या वर पोचतो. आपल्याकडच्या हिरव्या तळ्यांत उन्हाळी दुपारी सामू ९ पर्यंत चढणं काही नवलाचं नाही.

बायोफ्लॉकवाला यावर एक उपाय करतो. तो पाण्यात गूळ किंवा मळी टाकतो. कर्बाचं खाद्य मिळालं की जिवाणू फोफावतात आणि वाढताना अमोनियातला नायट्रोजन ओढून घेतात. जिवाणूंचे, शेवाळाचे, सूक्ष्मजीवांचे बारीक पुंजके होतात, तेच फ्लॉक. तिलापियासारखा मासा ते खातोही. पाणी बदलायची गरज जवळजवळ संपते, खाद्यही थोडं वाचतं. डोकं छान लावलंय यात शंका नाही.

पण हे जिवाणूही श्वास घेतात. दाट भरलेल्या टाकीत मासे आणि फ्लॉक मिळून दर लिटरमागे तासाला ५ ते ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन संपवतात, आणि पाण्यात शिल्लक असतो पाच-सहा मिलिग्रॅम. म्हणजे पंप बंद पडल्यापासून तासाभरात खेळ खलास, मासे तडफडायला लागतात ते त्याच्याही आधी. त्यात आपला उन्हाळा. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ७. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, सावलीची जाळी न बांधता टाकी ठेवणाऱ्याने झोपायचंच नाही असं धरून चालावं.

आता वहीकडे. आकडे त्याचेच, मी सोयीसाठी गोल केलेत. चार मीटर व्यासाच्या सात टाक्यांतून सहा महिन्यांच्या एका हंगामात १४०० किलो मासा निघतो असं धरू. एक किलो मासा तयार व्हायला १.४ किलो खाद्य लागलं, खाद्य ६० रुपये किलो, म्हणजे ८४ रुपये. बीज मरतुकीसह १० रुपये. दीड अश्वशक्तीचा पंप २४ तास चालला तर दिवसाला २६ युनिट, १८० दिवसांत पावणेपाच हजार युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर बिल ३८ हजार, किलोमागे २७. बेरीज १२१ रुपये. मित्राची वही इथेच थांबते. अर्धा माल त्याने घरी येणाऱ्या गिऱ्हाइकांना जिवंत दिला १८० ने, अर्धा व्यापाऱ्याला १२० ने. सरासरी १५०. किलोमागे २९ रुपये नफा, आणि माणूस खूश.

मी त्यात दोन रकाने वाढवले. पहिला झिजेचा. सरकारी मत्स्य संपदा योजनेत अशा सात टाक्यांच्या संचाचा खर्च साडेसात लाख धरला होता. सर्वसाधारण गटाला त्यावर ४० टक्के अनुदान, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. मित्राच्या खिशातून साडेचार लाख गेले. संच सात वर्षं टिकला असं मानलं, तर वर्षाला ६४ हजारांची झीज. दोन हंगामांच्या २८०० किलोंवर ती वाटली की किलोला २३ रुपये. व्याज तर मी धरलंच नाही.

दुसरा रकाना त्याच्या स्वतःच्या कष्टाचा. सकाळ-संध्याकाळ खाद्य, पाण्याची तपासणी, गाळ काढणं, रात्री दोनदा उठणं. दिवसाचे २०० रुपये लावले तर किलोला २६. यावर तो भडकला. ‘घरचं काम हाय भाऊ, त्याची मजुरी कायची धरता?’ त्याचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. धान निघाल्यावर मौद्याकडे फारसं दुसरं काम नसतं, तेव्हा त्या तासांची किंमत कमीच धरायला हवी. पण रोवणीच्या दिवसांत बांधीत मजूर मिळत नाही आणि हा टाकीपाशी अडकलेला असतो. तिथे २०० सुद्धा कमीच पडतात. वेळेला एकच भाव लावला की हिशोब बिघडतो तो असा.

सगळं मिळून १७० रुपये. विकला १५० ने. आणि हा झाला चांगला हंगाम! पाचातला एक हंगाम त्या जूनसारखा बुडाला, तोही शेवटी, खाद्य खाऊन झाल्यावर, तर चार हंगामांच्या माशावर पाचांचा खर्च बसतो. १७० चे २१२ होतात. बायोफ्लॉकच्या जाहिरातीत हा भागाकार मी अजून पाहिलेला नाही.

अनुदानाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. शेतकऱ्याच्या वहीत अनुदान म्हणजे वाचलेला पैसा. समाजाच्या वहीत तो खर्चच, फक्त वेगळ्या खिशातून केलेला. म्हणून ‘मला परवडतं का’ आणि ‘आपल्याला परवडतं का’ असे दोन ताळेबंद मांडावे लागतात. किलोला २३ रुपये पडणारी झीज समाजाच्या वहीत ३८ असते.

आकडे थोडे हलवून बघितले की एक मजेदार गोष्ट दिसते. खाद्य १.४ ऐवजी १.२ किलोवर आणलं (यासाठी लोक महागडी प्रोबायोटिक पाकिटं घेतात) तर किलोला १२ रुपये वाचतात. पण व्यापाऱ्याकडे जाणारा मासा जिवंत विकता आला तर त्याच किलोवर ६० रुपये जास्त मिळतात. नागपुरात आंध्रातून बर्फात घातलेला रोहू-कटला रोज येतो आणि भावात त्याच्याशी टक्कर देण्यात अर्थ नाही. तासाभराच्या अंतरावरून नागपूरच्या ‘मंगळवारी’ नावाच्या बाजारात जिवंत, उसळता मासा आणणं, हे मात्र आंध्रवाल्याला अवघड. ड्रम, बॅटरीवरचा छोटा पंप आणि ओळखीची गिऱ्हाइकं एवढाच त्याला खर्च. याला कोणी नवतंत्रज्ञान म्हणत नाही ते सोडा.

नागपूर जिल्ह्यातच काटोल-नरखेडकडे चित्र वेगळं. तिथे संत्र्यासाठी शेततळं आधीच खोदलेलं, प्लास्टिकची पन्नी आधीच अंथरलेली. अशा वेळी तळ्याचा खर्च माशावर टाकणं चूक, कारण मासे सोडले नसते तरी तो झालाच असता. मोजायचं ते फक्त माशांमुळे काय वाढलं आणि काय घटलं. तीस बाय तीस मीटरच्या तळ्यातून मे महिन्यात दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडालं तर ते होतात ९ हजार लिटर. ऐकायला भयंकर वाटतं, पण हाही माशांचा खर्च नाही, मासे नसते तरी ते उडालंच असतं. माशांचा खर्च आहे तळाचं शेवटचं मीटरभर पाणी. मे अखेरीस झाडं सुकायला लागतात तेव्हा ते बागेला द्यायचं की माशांसाठी राखायचं? बागायतदार पाणी बागेला देणार, आणि दिलंच पाहिजे. म्हणून तिथलं शहाणपण मार्च-एप्रिलपर्यंत मासा काढून विकण्यात आहे. वर माशांच्या विष्ठेने खतावलेलं पाणी बागेला मिळतं. फक्त ठिबकची फिल्टर जास्त वेळा धुवावी लागते, आणि हाही एक रकानाच.

माझा जीव मात्र बोडीवर. पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला पाणी अडवणाऱ्या या छोट्या तळ्यांत जुलै ते जानेवारी-फेब्रुवारी पाणी असतं. एवढ्याशा काळात बोटाएवढं बीज अर्ध्या किलोलाही पोचत नाही, आणि त्यातलं किती तरी मरळ नि पाणकावळे खातात. आंध्रातले मत्स्यशेतकरी यावर एक युक्ती वापरतात. बीज वर्षभर दाटीने, कमी खाद्यावर खुरटवून ठेवायचं आणि मग मोकळ्या पाण्यात सोडायचं. उपाशी राहिलेला मासा मोकळं पाणी आणि खाद्य मिळताच झपाट्याने भरपाई करतो. मरळीच्या तोंडात मावत नाही, हा वेगळा फायदा.

हिशोब असा. दोन रुपयांची हजार बोटुकली सोडली, चारशे जगली, साडेतीनशे ग्रॅमची झाली, तर १४० किलो. पंधरा रुपयांची तीनशे खुरटी सोडली, दोनशे चाळीस जगली, आठशे ग्रॅमची झाली, तर १९२ किलो. बीजावर अडीच हजार जास्त गेले, मासा ५२ किलो जास्त आला, आणि मोठ्या माशाला भावही मोठा. वर थोडा कोंडा, थोडी ढेप. वीज शून्य, त्यामुळे रात्री झोप. हे आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या बोडीचे तुम्ही घाला. निम्मा फायदा झाला तरी अडीच हजार सुटतात, आणि सगळं बुडालं तरी घर बुडत नाही. छोट्या शेतकऱ्यासाठी मी हीच ओळ सर्वांत वर लिहीन. सरासरी नफा नंतर बघू, सगळ्यात वाईट साली किती जातं ते आधी.

बोडीचा थोरला भाऊ म्हणजे मामा तलाव. १९५० च्या कायद्याने मालगुजारी (इथली जमीनदारी) गेली, तलावांच्या नावात ‘माजी मालगुजारी’ तेवढी उरली आणि लोकांनी तिचं मामा करून टाकलं. या तलावांवर ढिवरांच्या, म्हणजे इथल्या मच्छीमार समाजाच्या, संस्था मासेमारी करतात. भंडारा-गोंदियाकडे काही ठिकाणी त्यांनी तलावात माजलेली बेशरम नावाची झुडपं उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, कारण गावठी मासोळी अंडी घालते आणि लपते ती त्यांच्यातच. खर्च जवळजवळ सगळा अंगमेहनतीचा. फायद्याचा मोठा भाग मात्र बाजारात दिसतच नाही. बोटभर मासोळी काट्या-डोक्यासकट खाल्ली जाते. तिच्यातून मिळणारं कॅल्शियम रोहूच्या तुकड्यातून मिळत नाही. मोला नावाच्या अशाच छोट्या माशात अ जीवनसत्त्व भरपूर असल्याचं बांगलादेशात दाखवून झालं आहे. पण ही मासोळी विकली जात नाही, म्हणून वहीत येत नाही, आणि वहीत नाही म्हणून प्रकल्प अहवालात तिची किंमत शून्य.

मित्राने यंदा सातपैकी तीनच टाक्या भरल्यात. सासऱ्याच्या बोडीत खुरटं बीज सोडलंय आणि जनरेटरला आपोआप सुरू होणारी कळ बसवलीये. परवा आम्ही नवी वही आखत बसलो होतो. झीज, मजुरी, बुडीत हंगाम, असे रकाने झाले. मग मी विचारलं, गेल्या हंगामात घरी मासा किती वेळा शिजला? तो डोकं खाजवत राहिला. म्हणाला, ते काही लिहिलं नाही. तेवढ्यात आतून वहिनीचा आवाज आला, ‘अठरा वेळा. अन् दोनदा पाहुण्यायले बांधून देल्ला, तो धरा का नाही?’