‘थांबून बघू’ हा सल्ला आला कुठून?

गाठ म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: काढायची कधी? दुसऱ्या बाळंतपणानंतर वर्षभरात वहिनीच्या पोटावर लिंबाएवढी कडक गाठ आली, तेव्हा रंकाळ्याजवळच्या आमच्या घरातही तेच. ‘सुई टोचली की पसरते’ असं शेजारीपाजारी सांगत होते, तरी बायोप्सी केली. डेस्मॉइड नावाची गाठ निघाली. रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरल्या, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, “आत्ता काही करायचं नाही. दोन महिन्यांनी एमआरआय घेऊन या.” परतताना दादा मिरजेपर्यंत गप्प होता. डॉक्टरांनी हात टेकले, असंच आम्हाला वाटलं.

या सल्ल्यामागे जवळपास दोनशे वर्षांचा अनुभव आहे. १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या जॉन मॅकफार्लेन यांनी या गाठीचं वर्णन केलं. १८३८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी तिला नाव दिलं, कंडरेसारखी चिवट म्हणून; ग्रीक भाषेत ‘डेस्मोस’ म्हणजे बंध. दहा लाखांत वर्षाला जेमतेम पाच-सहा जणांना होणारा हा आजार. कॅन्सरसारखी ही गाठ फुप्फुसात, यकृतात पसरत नाही, पण जिथे असते तिथे स्नायूंत, नसांत मुळं रोवते. आतड्याच्या पडद्यात झाली तर जिवावरही बेतते.

मुळं रोवते म्हणून मुळासकट काढायची, हा विचार विसावं शतकभर चालला. पोटाचा मोठा भाग कापून जाळी बसवायची. हाता-पायाची गाठ असेल तर कधी अवयवच जायचा. एवढं करूनही गाठ परत यायची, कापलेल्या कडांना गाठीचा अंश उरला नसल्याचा रिपोर्ट हातात असतानाही. मग रेडिएशन, टॅमॉक्सिफेन ही हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी, सूज उतरवणारी औषधं, मेथोट्रेक्सेट आणि विनब्लास्टिनची हलकी किमो, असे एकेक उपाय जोडले गेले. रुग्ण बहुतेक तरुण, त्यामुळे रेडिएशनचे उशिरा दिसणारे परिणाम जास्त जाचायचे.

वळण आलं फ्रान्स आणि इटलीत. तिथल्या डॉक्टरांनी काही रुग्णांवर नुसती नजर ठेवली. २००९ मध्ये त्यांनी १४२ रुग्णांची माहिती मांडली. त्यांतल्या ८३ जणांना कुठलाच उपचार दिला नव्हता. पाच वर्षांनी त्यांच्यातल्या साधारण निम्म्यांची गाठ वाढलेली नव्हती. काहींची तर आपसूक आकसली.

२०१८ मध्ये सोराफेनिब या गोळीचा अभ्यास आला, ८७ रुग्णांचा. गोळी घेणाऱ्यांपैकी ८१ टक्के जणांचा आजार दोन वर्षं वाढला नाही. नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३६ टक्के होतं. मला मात्र त्यातला दुसराच आकडा महत्त्वाचा वाटतो: बिनऔषधाच्या गटातही २० टक्के जणांची गाठ लक्षणीय आकसली. दादाला मी तोच वाचून दाखवला. २०२० मध्ये अनेक देशांच्या तज्ज्ञांनी एकमताने सांगितलं, आधी नजर ठेवा. पहिला एमआरआय महिन्या-दोन महिन्यांत, मग तीन ते सहा महिन्यांनी. गाठ वाढतच राहिली, दुखणं असह्य झालं किंवा जागा धोक्याची असली तर औषध. पोटाच्या भिंतीवरची गाठ वाढत असेल तर ऑपरेशनचा पर्याय आजही आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत निरोगॅसेस्टॅट या गोळीला मंजुरी मिळाली. चाचणीत त्याने ४१ टक्के जणांची गाठ आकसली, पण तरुण स्त्रियांच्या बीजकोशांवर त्याचा परिणाम होतो, हे आधीच विचारून घ्यावं.

आणखी एक विचारावं: घरात कुणाच्या मोठ्या आतड्यात पुष्कळ पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावरचे कोंब, होते का? त्यामागचा एपीसी जनुकातला दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, आणि तशा रुग्णांत ऑपरेशनच्या जखमेतूनच नवी डेस्मॉइड उठू शकते. इतरांत बहुतेकदा बीटा-कॅटेनिन या प्रथिनाच्या जनुकात गाठीपुरताच बदल असतो.

वहिनी आता रिपोर्ट आला की आधी सेंटिमीटरचे तीन आकडे बघते, मागच्या रिपोर्टशी जुळवते. मग फिल्म खिडकीशी धरते. गाठ निवायला लागली की तिची पांढरी चमक कमी होऊन ती काळपट दिसते, हे तिला डॉक्टरांनी दाखवलंय. मागच्या खेपेला एका कडेला तसा पट्टा दिसला, तेव्हा तिने दादाला दुकानातून बोलावून घेतलं होतं.